सखी धवलारणीच्या पोरीची साक्ष

भिवंडीशेजारच्या राहनाळ गावच्या चंद्राची ओळख करून द्यायची तर आईच्या नावानंच द्यावी लागते. बापाचं नाव दौलत. पण दौलतची पोर म्हटलं तर दोन आळ्या सोडून कुणाला कळायचं नाही, आणि सखी धवलारणीची पोर म्हटलं की खाडीपलीकडचा माणूसही मान डोलवायचा. आगऱ्यांच्या लग्नात भट नंतर, धवलारीण आधी. मांडवाची मेढ रोवण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक कामाला तिचं गाणं, म्हणजे धवला, लागतो. ती गायली नाही तर नवरी नुसती नटलेली पोर राहते, नवरी होत नाही. सखीचा गळा तर असा की बँडवाले तिचं गाणं संपेपर्यंत पिपाण्या काखेत धरून उभे राहायचे.

लग्नसराईत सखी घरी सापडायची नाही. आज कशेळीला, परवा कोपरला, मध्येच कुणी थेट बैलगाडी घेऊन दारात. मांडवात ती शिरली की पाटलाची बायको उठून तिला पाट द्यायची. घरी परत आली की तीच सखी दाराशी चपला काढताना आधी कानोसा घ्यायची, नवरा आलाय की नाही.

दौलत भिवंडीत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, जॉबर होता. लूम बिघडली की पाना घेऊन तिच्या पोटात शिरायचं, हे त्याचं काम. हात असा बसलेला की बंद पडलेली लूम अर्ध्या तासात खडखडायला लागायची. कारखान्यात तो कुणावर हात उचलत नव्हता. तिथं शेठ होता, मुकादम होता, उलट उत्तर देणारे भय्ये कामगार होते. घरी सखी होती. भाताला वाफ कमी, भाताला वाफ जास्त, धवल्याला गेलीस तर उशीर का, गेली नाहीस तर का नाही. कारण लागायचंच असं नाही.

त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला चिंधूचा चार लूमचा कारखाना लागून होता. दिवसभर खडखडाट. त्यात कुणी कुणाला मारलं काय, ओरडलं काय, भिंतीपलीकडं जायचं नाही. आळीतली माणसं म्हणायची, आमाना काय आयकायला येतंय, लूमा चालू असतात. शहाऐंशी सालच्या जानेवारीत एका संध्याकाळी लाईट गेली. चारही लूम एका दमात थांबल्या आणि सखीची किंकाळी पार मारुतीच्या देवळापर्यंत गेली. सखी चटकन गप्प झाली. दौलत मात्र थांबला नव्हता. पुढचे आवाज त्या शांततेत सगळ्या आळीनं ऐकले. एकेक करून लोक ओटीवरून उठून आत गेले. लाईट आल्यावर परत बाहेर येऊन बसले.

चंद्रा तेव्हा नववीत. भिवंडीतल्या मराठी शाळेत जायची, रोज चालत. त्याच महिन्यात शाळेत एक लेखिका आली, जुबैदाबाई. वज्रेश्वरीच्या वाटेवरच्या एका गावातली कोकणी मुसलमानाची लेक, मुंबईत नोकरी करायची आणि मराठीत लिहायची. भिवंडीतल्या हिंदू-मुसलमान दंगलीला दोनच वर्षं झाली होती. अशा वेळी मराठी शाळेत हिला कशाला, असं दोन-चार पालक बोलले होते. पण हेडसर हट्टी माणूस. त्यांनी नववी-दहावीच्या पोरांना सतरंजीवर बसवलं आणि बाईंच्या हातात माईक दिला.

बाईंनी आपली एक गोष्ट वाचली. बारा वर्षांची मुलगी. बाप व्यापारी, जमातीत मान असलेला. घरात बायकोला चपलेनं मारणारा. एके दिवशी जमातीची मोठी माणसं दिवाणखान्यात बसलेली असताना ती मुलगी मध्ये येऊन उभी राहते आणि सगळं सांगून टाकते. बाप हसतो. मोठी माणसं दाढ्या कुरवाळतात. तेवढ्यात पडदा सारून आई बाहेर येते, मुलीच्या डोक्यावर हात ठेवते आणि म्हणते, माझी पोर खरं बोलते.

 मग बाईंनी पुस्तक मिटलं. "तुमच्यापैकी कितीजणांच्या घरात असं होतं, ते मी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "मी एवढंच विचारते की घरात हात उचलला गेला तर गप्प बसणार नाही, असं कोण कोण म्हणतं? त्यांनी हात वर करा." आधी चार हात, मग चाळीस, मग सगळेच.

चंद्राच्या शेजारी शमीम बसली होती. तिनं हात वर करता करता कानात सांगितलं, "तुझा बाप ऐकणार कसा पण? लूमनं बहिरा झालाय ना तो."

"त्याला न्हाय, गावाला आयकवायचा हाय," चंद्रा म्हणाली.

कार्यक्रम झाल्यावर तिनं बाईंना दरवाज्यात गाठलं. "बाई, ते खरं घडलेलं?"

"माझ्याच घरातलं आहे."

"आई खरंच बोलली?"

बाईंनी तिच्या गालाला हात लावला. "आई शेवटी आई असते, बाळ. तू बोललीस की ती बोलते." आणि चंद्राच्या वहीच्या मागच्या पानावर आपला मुंबईचा पत्ता लिहून दिला. काही लागलं तर कार्ड टाक म्हणाल्या.

चंद्रानं महिनाभर विचार केला. ती काही उठली आणि बोलली अशातली नव्हती. कुठं बोलायचं, कधी बोलायचं, हे तिनं नीट ठरवलं, आणि त्या ठरवण्यातच चुकली.

विठू पाटलाच्या पोरीचं लग्न फेब्रुवारीत होतं, गुरुवारी. मांडव आदल्या रविवारी. मांडवाच्या दिवशी सगळं गाव पाटलाच्या अंगणात. पुरुष मेढी रोवायला, बायका तांदूळ निवडायला, पंच ओटीवर पान खात. चंद्राचा हिशेब साधा होता: गाव तिथंच आहे, पंच तिथंच आहेत, आणि आईवाचून पाटलाच्या घरचं लग्न अडतं. ज्या बाईवाचून अडतं तिच्या बाजूनं गाव बोलेल. घरात मान नसला तरी मांडवात तर तिला पाट आहे.

सखी हळदीचं ताट पुढ्यात घेऊन बसली होती. डाव्या मनगटावर फडकं गुंडाळलेलं. पहिल्या मेढीचं गाणं सुरू व्हायला अवकाश होता. तेवढ्यात चंद्रा ओटीपुढं जाऊन उभी राहिली.

"पाटीलबाबा, मना बोलाचा हाय."

"बोल बाय. काय, नारल कमी परले?" पंच हसले.

"आबा आयला मारतो. रोज मारतो. तिच्या हाताला फडका हाय तो कनाला, तुमी इचारा."

अंगणातलं काम थांबलं. दौलत मेढीजवळ होता, हातात पहार. तो रागावला नाही. उलट हसतच पुढं आला.

"तरी मी सांगत व्हतो, पोरीला शालेत घालू नुको," तो म्हणाला. "कोन ती मुंबईची बाय आली शालेत, ती पन आपल्यातली न्हाय, तिनी पोरांचे डोके फिरवून ठेवले. घरोघरी आता यो तमाशा बघा."

चार माणसं मान हलवून हसली. चंद्रा शेजाऱ्याकडं वळली. "चिंधूकाका, लाईट गेली त्या संध्याकाली तुमी ओटीवर बसला व्हता. तुमी आयकलं."

चिंधूनं तंबाखू मळता मळता खाली बघितलं. "लाईट गेली का आमचा ध्यान वायरमनकडं, बाय. आवाज कनाचा न् काय."

"सगल्यांनी आयकलं. तुमी सगली आत गेलात."

आता पाटलाला काहीतरी करणं भाग होतं. "सखी," तो म्हणाला, "तूच सांग. तुजी पोर बोलतंय ते काय?"

सखीनं तोंड उघडायच्या आधी पाटलाची म्हातारी आई बोलली. गंगूबाय तिचं नाव. भिंतीला टेकून बसली होती. आवाज चढवला नाही तिनं. "जे काय हाय ते आताच सांगा हां. नवऱ्याला पंचात खेचलेली, नवऱ्यानं टाकलेली, असल्या बाईच्या हातची हलद माझ्या नातीला नको. कोपरच्या धवलारनीला अजून सांगावा धाडता येईल."

हे चंद्राला ठाऊक नव्हतं असं नाही, पण तिच्या ध्यानात आलं नव्हतं. धवलारणीचा संसार अखंड दिसला पाहिजे. आत काय चालतं ते कुणी विचारत नाही. लूमा चालू असतात. पण एकदा ते चारचौघांत बोललं गेलं, पंचांनी त्याचा निवाडा केला, की तिच्या गळ्यातल्या गाण्याला डाग लागला. मग तिला पुढल्या लग्नाला कुणी बोलावत नाही. चंद्रानं आईला मारापासून सोडवायला जी जागा निवडली, ती आईची एकुलती एक जागा होती.

सखी पोरीकडं बघत राहिली. त्या बघण्यात दया नव्हती, रागही नव्हता. मग तिनं फडकं गुंडाळलेला हात हळदीच्या ताटात ठेवला.

"यांनी मना कदी हात लावला न्हाय," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उतरला नाही. "मी ओटीवरून पडले. पोर खोटा बोलतंय."

हळदीवर हात ठेवून धवलारीण बोलली, म्हणजे संपलं. पाटलानं सुपारी तोंडात टाकली. पंचांनी ठरवलं, पोर अडाणी आहे, वय अडाणी आहे, बापाच्या पाया पडावं आणि विषय मिटवावा. चंद्रा उभीच राहिली तेव्हा दोन बायकांनी तिचे खांदे धरून तिला खाली वाकवलं. दौलतच्या पायाशी डोकं टेकवून तिला म्हणावं लागलं, मी खोटं बोलले. पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा म्हणावं लागलं.

ती अजून उठली नव्हती तोच सखीनं मेढीचं गाणं धरलं. असं सांगतात की त्या दिवशीसारखी सखी आधी गायली नव्हती. गंगूबायनं डोळे पुसले.

बुधवारी सकाळी लूम चालू असताना दौलतनं दोघींनाही मारलं.  चंद्राच्या पाठीला तेल लावताना सखी एवढंच म्हणाली, "मना तरी इचारलं असतंस." चंद्रानं तिचा हात झटकला. गुरुवारी लग्न झालं. सखीला पाटलाकडून हिरवं लुगडं मिळालं.

शुक्रवारी चंद्रानं शाळेच्या वाटेवर एक कार्ड घेतलं आणि वहीतल्या पत्त्यावर टाकलं. 'बाई, मी बोलले. आई नाही म्हणाली. आता काय करू?' त्यापुढं आपलं नाव आणि गाव. मजकूर एवढाच. रोज शाळेतून आल्यावर ती पोस्टमनला विचारायची. मार्च गेला, एप्रिल गेला. पोस्टमन लांबूनच हात हलवून न्हाय म्हणायला लागला. मग तिनं विचारणं सोडलं. आईचा राग तिला कळत होता, त्याला कारण होतं. त्या बाईनं का उत्तर दिलं नाही, हे मात्र तिला कळत नव्हतं, आणि न कळलेलं जास्त दिवस टोचतं.

नववीनंतर शाळा सुटली. गावात तिला 'खोटी चंद्री' नाव पडलं. रेशनची तक्रार असो की विहिरीवरचं भांडण, कुणीतरी म्हणायचंच, तिचं काय आयकतंस, ती खोटी चंद्री. अठ्ठ्याऐंशी साली तिला कशेळीच्या पंढरीला दिली. पंढरी गोडाऊनवर वॉचमन. बोलायला कमी, खायला बरा, आणि हात न उचलणारा. एवढाच त्याचा गुण, आणि चंद्राला तो पुष्कळ वाटला. लग्नात धवले तिच्या आईनंच गायले. दुसरी कोण गाणार?

पुढं नव्वद साली जुन्या हेडसरांनी तिला शाळेत शिपाई म्हणून लावून घेतलं. त्यांनी कारण सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. घंटा द्यायची, ऑफिसात चहा न्यायचा, नोटिसा वर्गावर फिरवायच्या. काम हंगामी होतं, कायम करू कायम करू म्हणत सर निवृत्त झाले आणि नवे हेडसर आले. दौलत चौऱ्याण्णव साली पोट फुगून मेला. तोवर गावात धवल्यांच्या कॅसेटी आल्या होत्या. बटण दाबलं की कर्ण्यातून धवलारीण गाते, तिला पाट नको, लुगडं नको. सखीला कुणी बोलावेना. नवरा गेला म्हणून की कॅसेट आली म्हणून, ते तिनंही नीट विचारून घेतलं नाही. चंद्रानं तिला कशेळीला आपल्याकडं आणली. मायलेकी एका चुलीवर रांधायच्या. मांडवाचं नाव दोघी काढत नव्हत्या.

सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात नोटिशीचा कागद वर्गावर फिरवताना चंद्रानं वाचलं: शनिवारी सुप्रसिद्ध लेखिका येत आहेत. नाव जुबैदाबाईंचंच होतं. ती गोष्ट आता फार गाजलेली होती. शाळाशाळांतून त्या ती वाचायच्या, वर्तमानपत्रांत फोटो यायचे.

शनिवारी चहाचा कप ठेवायला चंद्रा ऑफिसात गेली तेव्हा बाई एकट्याच होत्या. केस पांढरे झाले होते, चष्मा लागला होता.

"बाई, मी चंद्रा. राहनाळची. शहाऐंशी साली मी कार्ड टाकलं व्हतं."

बाईंनी कप उचलला होता तो खाली ठेवला. "आई नाही म्हणाली. ते?"

"तेच."

"आहे माझ्याकडं. जपून ठेवलंय."

"जपायला न्हवता टाकला बाई. उत्तराला टाकला व्हता."

 बाई दाराकडं एकदा बघून हळू आवाजात म्हणाल्या, "काय उत्तर देणार होते मी? माझ्या आईनंही तेच केलं, चंद्रा. जमातीसमोर. जिन्यावरून पडले म्हणाली, मुलगी खोटारडी आहे म्हणाली. गोष्टीत मी तिला पडद्याबाहेर आणलं, एवढंच."

"एवढंच," चंद्रा म्हणाली.

"खरं लिहिलं असतं तर आमचे म्हणाले असते, घरची अब्रू काढली. तुमचे म्हणाले असते, यांच्यात असंच असतं. आणि कुठली शाळा बोलावते असल्या गोष्टीला? मुलांना काहीतरी आशा द्यावी लागते."

"मना दिलीत ना. मी मांडवात उभी राहिले तुमच्या आशेवर." चंद्राचा आवाज शांत होता. "तुमाना ठाव व्हतं आई काय बोलंल. सगल्या शालेत तुमाना एकटीला ठाव व्हतं."

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"आज तं बोलावलाय ना शालेनं?" चंद्रा म्हणाली. "मग आज खरा सांगा पोरांना. न्हाय बोलली आई तं काय करायचा, ते सांगा."

"बघू," बाई म्हणाल्या.

हॉलमध्ये आता बाकडी होती. पहिल्या रांगेत दोन वार्ताहर. चंद्रा दाराशी उभी राहिली. बाईंनी गोष्ट वाचली. बाप आला, जमात आली, मुलगी बोलली. चंद्रानं दाराची कडी घट्ट धरली होती. पडदा सरला, आई बाहेर आली, डोक्यावर हात ठेवला. माझी पोर खरं बोलते. टाळ्या. मग बाईंनी विचारलं, कोण गप्प बसणार नाही? आणि हात वर जायला लागले.

चंद्रा बाकड्यांच्या मधून चालत पुढं गेली.

"पोरांनो, हात खाली घ्या जरा," ती म्हणाली. "गोष्ट पुरी झाली न्हाय. बाईंची आई बाहेर आलीच न्हाय. ती बोलली, पोर खोटी हाय. बाईंनी मना आताच सांगलं, ऑफिसात. माझी आयपन तसाच बोलली. तुमचीपन बोलंल. ते धरून मग काय तो हात वर करा."

मागून एक पोरगा म्हणाला, "चंद्राबाई, घंटा द्या घंटा," आणि हॉलभर हसू फुटलं. हेडसर उठले. "बाई, हे काय आहे?" त्यांनी लेखिकेला विचारलं.

जुबैदाबाईंच्या हातात पुस्तक होतं. त्यांनी पोरांकडं बघितलं, वार्ताहरांकडं बघितलं. चंद्राकडं बघितलं नाही.

"यांच्याशी माझं चहापुरतं बोलणं झालं," त्या म्हणाल्या. "असं काही मी म्हटलेलं नाही. यांचा काहीतरी गैरसमज झालाय."

आवाज चढला नाही, उतरला नाही. चंद्राला आणखी काही विचारायचं उरलं नाही. ती आली तशी बाकड्यांच्या मधून परत गेली. जाताना तिनं एवढं बघितलं की डावीकडच्या रांगेत नववीतल्या एका पोरीनं वर केलेला हात हळूच मांडीवर ठेवला होता. ते बघून तिला बरं वाटलं नाही.

हेडसरांनी जाताना सांगितलं, सोमवारी माफीचा कागद सही करून द्यायचा.

घरी सखी मोरीपाशी ओले बोंबील साफ करत बसली होती. चंद्रा तिच्यासमोर पाटावर टेकली.

"आज शालेत बोलले."

"काय?"

"तुजा. मांडवातला."

सखीची विळी चालू राहिली. "मंग?"

चंद्रानं सगळं सांगितलं. ऑफिसातलं, हॉलमधलं, बाई कशी फिरली ते. फिरली म्हटल्यावर सखीचा हात थांबला आणि ती नाकातून हसली.

"फिरंलच. खरा बोलली असती तं तिना पुढच्या शालेत कोन बोलावनार?" मग बोंबलाचं डोकं उडवता उडवता म्हणाली, "मना तरी कोन बोलावनार व्हता?"

अकरा वर्षं चंद्रानं या वाक्याची वाट बघितली होती, आणि आलं ते दुसऱ्याच बाईची वकिली करता करता आलं. तिनं दम धरला.

"मंग सोमवारी शालेत ये. हेडसरांना सांग. एक वाक्य. माजी पोर खरा बोलते."

"आथा कनाला? तुजा बाप मेला, पाटील मेला, गंगूबाय मेली. कोनाला सांगाचा?"

"मना सांग. सर नुको, पाटील नुको. इथंच. मना एकटीला."

सखीनं ताटलीतलं पाणी मोरीत ओतलं. बोंबील एकावर एक नीट रचले. चंद्रा बघत होती. बाहेरच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते, पण एवढाही गोंगाट नव्हता की ऐकू येऊ नये.

"भाजू का कालवन करू?" सखी म्हणाली. "पंढरी येईल आता."

"कर काय करायचा ते," चंद्रा म्हणाली आणि उठली.

सोमवारी हेडसरांनी टाईप केलेला कागद पुढं सरकवला. 'माझा गैरसमज झाला होता. मी खोटी विधाने केली. त्याबद्दल मी दिलगीर आहे.' खाली सहीला जागा.

"करा सही. तुमचं कायम होण्याचं प्रकरण माझ्याच टेबलावर आहे, हे ठाऊक आहे ना?"

"ठाव हाय सर."

"मग?"

"असा मी एकदा बोललेय सर. दोन बायांनी खांदे धरले व्हते तवा. आज कोनी धरले न्हाईत." तिनं कागद उलट्या बाजूनं टेबलावर ठेवला. पेन त्याच्यावर ठेवलं.

सर चिडले, पण काढून टाकायला त्यांना कमिटी लागली असती आणि कमिटीला कारण सांगावं लागलं असतं. त्यांनी कायमचं प्रकरण कपाटात टाकलं. तिचं ऑफिसातलं काम काढून घेतलं, घंटा दुसऱ्याला दिली. तिला मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीवर आणि मुलींच्या संडासावर लावली. पंढरीला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पगार तोच ना?" "तोच." "मंग झालं."

तिसऱ्या की चौथ्या दिवशी टाकीवर ती पोरगी आली, डावीकडच्या रांगेतली. मधली सुट्टी नव्हती. तास चालू असताना पाणी प्यायचं निमित्त करून आली होती. नळाखाली ओंजळ धरली आणि प्यायलीच नाही.

"बाई, मंग आई न्हाय बोलली तं काय करायचा?"

चंद्रानं खराटा भिंतीला टेकवला. अकरा वर्षांपूर्वी तिनं हेच कार्डावर लिहिलं होतं.

"मना पुरता ठाव न्हाय," ती म्हणाली. "पन आईला चारचौघांत इचारू नको. ती तिथं न्हायच बोलंल. आदी तिला घरात इचार, तिना काय गमवायचा हाय ते. मंग दोन शेजारनी धर, आयकलंय पन बोलत न्हाईत अशा. त्याबी पहिल्यांदा न्हाय बोलतील. परत जा. आनि कोनीच न्हाय बोलला तं माझ्याकडं ये. मी तुज्यासंगं येईन."

"तुमचा कोन आयकनार पन?"

"कोनीच न्हाय," चंद्रा म्हणाली. "पन तू खोटी न्हाईस एवढा बोलनारा एक तरी मानूस तिथं उभा असंल."

 पोरगी नळ बंद करून वर्गाकडं गेली. चंद्रानं तिचं नाव विचारलं नाही, कुणाची तेही विचारलं नाही. खराटा घेतला आणि संडासाकडं वळली.